चाक कुणाचं?

(महिला दिनाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

मला 'स्त्री आणि कला' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी कप, वाडगे, लोणच्याच्या बरण्या करते. तेव्हा माझ्या कामाच्या जागेबद्दल बोलते आणि तिथे माझी एक चूक मला कशी कळली, ते सांगते.

पुण्यात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात विजेवर फिरणारी दोन चाकं, एक गॅसची भट्टी, मातीची पिंपं आणि भिंतीला फळ्या. तिथे आम्ही दोघी काम करतो. मी आणि वहिनी. वहिनी मुंढव्याच्या केशवनगरमधल्या कुंभारवाड्यातल्या. माझी नात्यानं कुणी नव्हेत, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना वहिनीच म्हणते.

आमचा दिवस माती मळण्यानं सुरू होतो. कणकेसारखीच मळायची, पण पोळीत हवा भरली तर कौतुक होतं, मातीत राहिली तर चाकावर भांड्याचा तोल जातो. जमीन आम्ही झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. मातीतल्या सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होतात. मग चाक, मग वाळवण, कच्ची भाजणी, झिलई आणि १२०० अंशांच्या वरची पक्की भाजणी. एवढ्या प्रवासात भांडं दहा-बारा टक्के आक्रसतं. चहाचा कप हवा असेल तर ओला असताना मोठाच काढावा लागतो.

यात सगळ्यात नाजूक वेळ असते कपाला कान लावण्याची. कप धड ओला नाही, धड सुका नाही, अशा अवस्थेत असतानाच कान लावायचा. उशीर झाला की कान निखळतो. आणि ही वेळ आपल्या सोयीनं येत नाही. मुलांची शाळा सुटण्याची वेळ, पाणी येण्याची वेळ, कुकरच्या शिट्ट्या, या सगळ्यांत तीही एक.

काही वर्षांपूर्वी माझं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. त्याच आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. चाकावरून काढलेले चाळीस कप ओल्या फडक्याखाली होते. मी चार दिवस शेडकडे फिरकू शकले नाही. वहिनींनी फडकी भिजवत ठेवली, कप सांभाळले आणि चाळीसच्या चाळीस कान एकटीनं लावले. एकही निखळला नाही.

प्रदर्शनात एका बाईंनी कप हातात धरला आणि म्हणाल्या, "कान काय सुरेख बसलाय हो बोटांत!" मी "थँक्यू" म्हटलं. कपाच्या तळाशी माझं नाव होतं. शेजारी वहिनी विकलेले कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आमच्या घरी बी असंच असतंय की. चाक त्यांचं, म्हणून मडकं त्यांचं."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच मला रात्रभर झोप लागली नाही.

कुंभाराच्या घरात बाई काय करत नाही? माती कुटते, चाळते, तिच्यात राख नि लीद मिसळते, तुडवते. मडकी उन्हात मांडते, पाऊस आला की धावत आत घेते, आवा रचायला हात लावते, बाजारात बसून विकते. फक्त चाकाला हात लावत नाही. वहिनींना लहानपणापासून तसंच सांगितलेलं. का, म्हणून विचारलं तर कुणी विटाळ म्हणे, कुणी ते ताकदीचं काम आहे म्हणे. पण चाक येण्याआधी हजारो वर्षं माणसं हातानंच भांडी घडवत होती. मणिपूरमधल्या आंद्रो गावात आजही बायका चाकाशिवाय मडकी घडवतात आणि तिथे ते काम बायकांचंच आहे. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाही. मोलाचं काम कुठलं मानायचं, हे कोण ठरवतं, हा प्रश्न आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन ते चिखल तुडवत होते आणि रांगत आलेलं तान्हं मूल पायाखाली आलं. कथा त्यांच्या भक्तीची आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण मातीत काम करायला लागल्यापासून मला त्यात तिसरं माणूस दिसायला लागलं. त्या वेळी मुलाची आई कुठे होती? पाण्याला गेली होती. पाण्याशिवाय चिखल होत नाही. तल्लीन होण्यासाठी दुसऱ्या कुणीतरी पाण्याला जावं लागतं, मूल बघावं लागतं. माझ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात मला दवाखान्यात जायला मिळालं आणि कलावंतही राहता आलं, कारण माझ्याऐवजी वहिनी पाण्याला गेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट अवघड वाटली तरी बोलायला हवी. मी पांढरपेशा घरातली. वयाच्या पस्तिशीत मातीला हात लावला, तर लोक मला 'सिरॅमिक आर्टिस्ट' म्हणू लागले. वहिनी मातीतच जन्मल्या, त्या 'मदतनीस'. हा फरक हाताच्या कसबाचा नाही, जातीचा आणि वर्गाचा आहे. बायकांच्या अदृश्य श्रमांवर मी अनेक सभांमध्ये टाळ्या वाजवल्या आहेत. माझ्या स्वतःच्या शेडमधले श्रम मात्र मी रोजाच्या हिशेबात घालून मोकळी झाले होते.

मग आम्ही काय केलं? आधी हिशेब बदलला. विक्रीतून माती, झिलई, गॅस यांचा खर्च काढायचा आणि उरलेली रक्कम दोघींच्या कामाच्या तासांवर वाटायची. मग चाक. वहिनी सहा महिने नाही म्हणाल्या. एका दुपारी दार लावून घेतलं आणि बसल्या. चाळीस वर्षं मातीत काढलेल्या बाईला गोळा मध्यावर आणता येईना! आम्ही दोघी हसून हसून दमलो. सरळ भिंतीचं भांडं यायला तीन महिने लागले. आता माझ्या भांड्याखाली माझं अक्षर असतं, त्यांच्या भांड्याखाली नखाच्या तीन रेघा. दोघींनी मिळून केलं असेल तर दोन्ही.

सगळं सुटलं असं म्हणणार नाही. शेड माझी, बँकेचं खातं माझं, गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलणारी मीच. आणि घरच्या चाकाला वहिनी अजून हात लावत नाहीत. मी आग्रह धरत नाही. त्या घरात राहायचं त्यांना आहे, मला नाही. पण मागच्या दिवाळीत नातीला घेऊन आल्या आणि तिला चाकावर बसवलं. घरी सांगू नकोस, असं तिला म्हणाल्या नाहीत, एवढं मी ऐकलं.

जाताना एवढंच मागते. हातानं केलेली वस्तू घ्याल तेव्हा उलटी करून तळाशी नाव कुणाचं आहे ते बघा. आणि मग विचारा, माती कुणी मळली? कान कुणी लावला? आमच्या शेडमध्ये आलात तर मलाही विचारा.

इतकं बोलून थांबते.