सात वाजून पाच मिनिटांनी



आकाशवाणी जळगाववर सात-पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, तोवर आपल्या वेण्या घालून झालेल्या असाव्या लागत. घरातल्या मोठ्यांच्या तोंडी सुधा नरवणे हे नाव असायचं. २०१९च्या अखेरीस मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले, तेव्हा माझ्या आईसाठी ते आधी ‘बातम्यांवाल्या नरवणेबाईंचा मुलगा’ होते!

मला मात्र ज्याचं नाव कधी ऐकू आलं नाही, त्याच्याबद्दल बोलायचंय. आकाशवाणीचा जिल्ह्यात अंशकालीन वार्ताहर असतो. पक्की नोकरी नाही, मानधनावर काम. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की बातमी पुण्याला कळवायची ती त्यानं. तिथं दहा मिनिटांत अख्खा महाराष्ट्र बसवायचा, म्हणून त्याच्या वाट्याला दोन-तीन वाक्यं. तीही ‘आमचा वार्ताहर कळवतो’ म्हणून. पण तापीकाठच्या माणसाला गुरं हलवायची की नाही, हे त्यावरून ठरवायचं असतं. नुसतं ‘पाणी वाढलं’ सांगून भागत नाही. किती दरवाजे, कितीपर्यंत उघडले, कुठल्या गावांना इशारा, हे सगळं नेमकं लागतं.

मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे कुठली ओळ कुणी लिहिली, याची नोंद राहते. रेडिओ ऐकणाऱ्याला ती सोय नव्हती. तुमच्या ओळखीत जळगावचे किंवा धुळ्याचे असे जुने वार्ताहर असतील, तर त्यांना भेटा, बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. धुळेकरांनो, हे तुम्हालाही सांगतेय. पुढच्या मेळाव्यात आपण ते सगळे मिळून ऐकू.