कागद कोणाच्या हाती?



ज्ञान दिल्याने कमी होत नाही, असे आपण सारेच म्हणतो. मग ते पिढ्यान्‌पिढ्या इतक्या थोड्या लोकांपाशी का राहिले? कारण उघड आहे. ज्याला लिहितावाचता येते, त्याच्या हाती हिशेब असतो. आणि हिशेब ज्याच्या हाती, त्याची सत्ता चालते.

आपल्या पालघर-डहाणूकडचेच पाहा. एके काळी इथल्या वारली माणसाने लग्नासाठी थोडे कर्ज घेतले, की तो जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होई. कर्ज किती, फिटले किती, हे मालकाच्या वहीत. गड्याला ती वही वाचता येत नसे. मालक म्हणेल तो आकडा, आणि गड्याने त्यावर अंगठा उठवायचा. कर्ज फिटावे कसे? १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर किसान सभेत वारली उभे राहिले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, हा निरोप पाड्यापाड्यांवर गेला. लढा मजुरीचा होता, माणुसकीचा होता. पण त्याच्या मुळाशी ती न वाचता येणारी वहीही होती.

त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिकणे फुकट होते, तरी मुले येईनात. येणार कशी? थोरले मूल गुरे राखी, मधले धाकट्याला सांभाळी. एखादा म्हणाला असता, “आम्ही दार उघडे ठेवलंय. ते येत नाहीत, त्याला आम्ही काय करावं?” या दोघींनी तसे म्हटले नाही. त्यांनी पाड्यावरच्या अंगणात शाळा भरवली, ती अंगणवाडी. गुरे चरतात तिथे शाळा नेली, ती कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे.

यातून एक धडा घ्यायचा. ज्ञान फुकट असणे वेगळे आणि ते माणसाच्या हाती पडणे वेगळे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या कामी येतो, असे सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला!

आज दारे पुष्कळ उघडली आहेत. वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर पैसे न देता वाचता येतो. आपल्या जमिनीचा सातबारा मोबाईलवर पाहता येतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी कागद मागता येतो, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते दहा रुपयेही माफ आहेत. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याने तोंडी मागणी केली तर ती कागदावर उतरवायला माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असे कायद्यातच लिहिले आहे. अंगठा उठवणाऱ्या माणसाचा विचार कायद्याने केला आहे. पण हे कलम किती पाड्यांवर कोणी वाचून दाखवले?

बोईसर-तारापूरकडे या. १९६९ साली इथे अणुवीज निघाली. शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे कितीतरी कारखाने. पाड्यावरचा तरुण तिथे ठेकेदारामार्फत कामाला जातो. पिंपात काय आहे, अंगावर उडाले तर काय करावे, हे त्याला ठाऊक हवे की नको? भोपाळची दुर्घटना १९८४ ची. तिच्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, आणि धोक्याची माहिती कामगाराला व आसपासच्या वस्तीला देण्याचे बंधन मालकावर आले. पण पिंपावरचा कागद इंग्रजीत असेल आणि वाचणारा वारली बोलीतला असेल, तर माहिती दिली असे कसे म्हणावे? इथे अज्ञानाची किंमत पैशात नाही, जिवाने मोजावी लागते.

म्हणून शिक्षक मित्रांनो, एक साधे काम सुचवतो. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेचा व्हरांडा गावासाठी उघडा ठेवा. एका वेळी एकच कागद घ्या. कधी सातबारा, कधी वनहक्काचा दावा, कधी ग्रामसभेची नोटीस, कधी पगाराची पावती. तो मोठ्याने वाचा, गावच्या बोलीत सांगा, आणि लोकांचे प्रश्न ऐका. उत्तर येत नसेल तर पुढच्या आठवड्यात शोधून आणा. आठवी-नववीच्या मुलांना वाचायला बसवा. आपल्या आजीला तिच्याच जमिनीचा कागद वाचून दाखवणारे मूल परीक्षेपुरते शिकत नाही.

आणि गावकरी मंडळी, तुम्हीही एक करा. पुढे आलेला कोणताही कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. समोरचा घाई करील, रागावेल. रागावू द्या. “आधी वाचा, मग देतो,” एवढे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.