फोन बदलताना



आपल्या कोपरीत घरून डबे देणाऱ्या, पापड-लोणची करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायका पुष्कळ. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. फोन अडला की दुकानाचं शटर खाली! म्हणून ‘अँड्रॉइड सोडून आयफोन घेऊ का?’ या प्रश्नाचा विचार आज आपण करू. उलटंही होतंच. मुलाचा जुना आयफोन आईकडे येतो आणि तिला आपला अँड्रॉइडच बरा वाटतो.

अँड्रॉइड हवा तसा सजवता येतो. अक्षरं, रंग, चित्रं, सगळं. आयफोनने ही हौस फार काळ पुरवली नाही. स्क्रीनवर आयकॉन हवा तिथे ठेवायची मुभा २०२४ च्या आयओएस १८ मध्ये मिळाली. पण ज्या फोनवर घर चालतं, त्याच्याकडे मी आधी भरवसा बघते. भरवसा म्हणजे सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार. ते थांबले की पुढे बँकेची ॲपही त्या फोनवर चालेनाशी होतात. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ मध्येही आयओएस १८ मिळालं. आता गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत. स्वस्त फोनना इतकी वर्षं मिळतीलच असं नाही. तेव्हा दुकानात कॅमेऱ्याआधी हे विचारा. नुसत्या नावावर जाऊ नका.

खरी कसरत पुढेच. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलवर असतो आणि तो आयफोनवर उतरत नाही. त्यासाठी ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप जुन्या फोनवर घ्यायचं आणि नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच गप्पा त्यावर न्यायच्या. दुकानातल्या मुलाने घाईने फोन सुरू करून हातात दिला, तर तो पुन्हा कोरा करावा लागतो. ‘मीच करते’ असं त्याला आधीच सांगा. गिऱ्हाइकांचे नंबर गूगल खात्यात ठेवा, म्हणजे दोन्हीकडे दिसतात.

दोन सिम वापरत असाल तर थांबा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एकच सिमकार्ड बसतं, दुसरा नंबर ई-सिम करावा लागतो. बँकेचा नंबर कुठला, ते आधी पक्कं करा. यूपीआय नव्या फोनवर नव्याने नोंदवावं लागतं आणि पडताळणीचा एसएमएस त्याच सिमवरून जातो. सुरुवातीला मोठी रक्कम अडू शकते, म्हणून किराणा भरायच्या किंवा फी भरायच्या दिवशी हा उद्योग नको. लोकलचा पास मोबाइलवर असेल तर तो संपू द्या.

रात्री उशिरा ठाणे स्टेशनवर उतरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. संकटात आयफोनचं बाजूचं बटण पटापट तीनदा दाबलं की मदतीचा फोन लागतो. बऱ्याच अँड्रॉइडवर ते पाचदा दाबावं लागतं. हाताची सवय मोडते, म्हणून नव्या फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

जुना फोन मात्र पंधरा दिवस पुसू नका, विकू नका. एखादी गिऱ्हाईक म्हणेल, ‘गेल्या दिवाळीला दिलं तेच द्या.’ तो निरोप नव्या फोनमध्ये सापडला, की मग जुना खुशाल द्या.