मध्यरात्रीं दार ठोठावतांना



प्रार्थना म्हटली कीं मिटलेले डोळे, जोडलेले हात आणि हळू आवाज, एवढेंच चित्र बहुतेकांच्या मनापुढें उभें राहतें. तें चुकीचें नाहीं. पण अपुरें आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायांत प्रभु येशूनें सांगितलेला एक दृष्टांत आहे. त्यांतला मनुष्य हळू बोलत नाहीं. त्याच्या घरीं मध्यरात्रीं एक मित्र प्रवासांतून येतो आणि घरांत तर वाढावयास कांहीं नाहीं. तो शेजाऱ्याच्या दारीं जाऊन तीन भाकरी मागतो. दार लावलें आहे, मुलें निजलीं आहेत, असें आंतून उत्तर येतें. तरी हा हलत नाहीं. आणि त्याच्या या निर्भीड आग्रहामुळेंच शेजारी शेवटीं उठतो.

रविवारच्या वर्गांत मीं हा दृष्टांत वर्षानुवर्षें शिकविला. परंतु एक गोष्ट फार उशिरां ध्यानांत आली. हा मनुष्य स्वतःसाठीं भाकर मागतच नाहीं. दाराशीं आलेल्या भुकेल्यासाठीं तो मागतो, म्हणून त्याला संकोच वाटत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत अब्राहाम सदोम नगरासाठीं अशीच रदबदली करतो. पन्नास नीतिमानांपासून तो दहांपर्यंत येतो. पण स्वतःकरितां कांहींच मागत नाहीं.

आतां माझी कथा सांगतों. माझ्या वर्गांतील एका हुषार मुलाचें नांव फी थकल्यामुळें पटावरून कमी होणार होतें. मीं दोन रात्री प्रार्थना केली, “देवा, तुझी इच्छा असेल तर त्याची सोय कर.” शब्द नम्र होते, पण त्या नम्रतेआड माझी भीति दडली होती. वरिष्ठांपुढें उभें राहून बोलावें लागूं नये, माझ्या तुटपुंज्या पगाराला हात लागूं नये, हीच माझी खरी प्रार्थना होती. मुलगा शाळा सोडून गेला. देवाची इच्छा, असें म्हणून मीं मन शांत केलें. त्या शांतीची मला आज लाज वाटते. गेथशेमाने बागेंत ख्रिस्तानें दुःखाचा प्याला टळावा असें आधीं स्पष्ट मागितलें आणि मग स्वतःला पित्याच्या स्वाधीन केलें. मीं मागण्यापूर्वींच माघार घेतली होती.

पंडिता रमाबाईंनीं तशी माघार घेतली नाहीं. 1896-97 सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां पुण्याच्या शारदासदनाचा भार त्यांच्यावर होताच. अमेरिकेंतील मंडळानें दहा वर्षांपुरती दिलेली मदतीची हमी संपत आली होती. परंतु ऐन उमेदीच्या वयांत त्यांनीं आपले आईबाप अशाच दुष्काळांत गमावले होते. भूक म्हणजे काय, हें त्यांना दुसऱ्यानें सांगावयास नको होतें. त्यांनीं देवाला हांक मारली आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. तेथून शेंकडों निराधार मुली व विधवा त्यांनीं आणल्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांना शहरांत ठेवतां येईना, तेव्हां सदनाच्या खर्चासाठीं घेतलेल्या केडगांवच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यांत आली. तेथेंच पुढें मुक्तिसदन वाढलें.

असें मागितलें म्हणजे प्रत्येक वेळीं मिळतेंच, असें मी म्हणणार नाहीं. अब्राहामानें एवढी रदबदली केली, तरी सदोम वांचलें नाहीं. धीट प्रार्थना हा देवाशीं केलेला सौदा नव्हे. पण अशी प्रार्थना करणाऱ्याला घरीं बसवत नाहीं. ज्याच्यासाठीं देवाचें दार ठोठावलें, त्याच्यासाठीं माणसांचें दार ठोठावण्याची भीड मग कशी उरेल?

आज रात्रीं प्रार्थनेस बसाल, तेव्हां आपल्या गरजांच्या यादीपूर्वीं दुसऱ्या एकाचें नांव घ्या. त्याला काय हवें आहे, तें आडपडदा न ठेवतां मागा. आणि सकाळीं उठून त्याच्यासाठीं घराबाहेर पडा. मला तें वेळेवर सुचलें नाहीं. तुम्हांला सुचावें, एवढ्यासाठींच हें बोललों.