रोजचा गल्ला, रोजचा हप्ता
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय 'फूड ट्रक : भांडवल आणि व्यवस्थापन'. व्यवस्थापन तुम्हाला ठाऊकच आहे. गाडीतल्या बदलाला आरटीओची मंजुरी, अन्नसुरक्षेची नोंदणी, महापालिकेची जागा, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. घरचा सिलिंडर गाडीवर चालत नाही, हे सांगायला मला बोलावलेलं नाही. (हशा) भांडवलाचंही तसंच. मुद्रा आहे, २०२० पासून स्वनिधी आहे. पहिलं कर्ज आता १५ हजारांपर्यंत, विनातारण, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के अनुदान. कर्ज मिळतं हो! माझं म्हणणं एवढंच, की गल्ला रोजचा आणि हप्ता महिन्याचा, तिथेच धंदा बसतो.

आमच्या कोपऱ्यावर एक मावशी पोहे-उपम्याची गाडी लावतात. छोट्या टेम्पोच्या हौद्यात ओटा बसवून घेतलाय. मुद्राचा हप्ता ८,४०० रुपये, ५ तारखेला. ओट्याखाली तीन डबे : उद्याच्या मालाचा, घरखर्चाचा आणि हप्त्याचा. जूनमध्ये मुलीची फी हप्त्याच्या डब्यातून गेली. जुलैत पावसाने गाडी लागेना. हप्ता परत गेला, वर दंड बसला. मग सावकार. कागदावर दहा हजार, हातात नऊ. रोज शंभर, शंभर दिवस. मावशी म्हणतात, "दहाच टक्के की हो काका!" अहो, मुद्दल रोज फिटत जातं. म्हणजे सरासरी निम्मेच पैसे तुमच्याकडे, तेही जेमतेम सव्वातीन महिने. वर्षाचा दर पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. पुढच्या रांगेतले बँकवाले साहेब, मोबाइलवर करून बघा, मी थांबतो. (हशा)

पण गंमत पुढेच आहे. मावशींनी सावकाराचा एकही दिवस चुकवला नाही! धाक होता, नाही म्हणत नाही. पण तो माणूस यायचा गल्ला मोजायच्या वेळी. बँकेचा मेसेज येतो तोवर पैशांना शंभर वाटा फुटलेल्या असतात.

हा शोध माझा नाही. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली. दारावर येऊन दोन-दोन आणे गोळा केले. मावशींचे आता रोज ३५० रुपये सहकारी बँकेचा पिग्मीवाला नेतो आणि बचत खात्यात भरतो. मुदतीच्या पिग्मीत नाही, ती मध्येच मोडली तर कपात होते. चोवीस दिवसांत ८,४०० जमतात. उरलेले दिवस पावसाचे आणि पाहुण्यांचे.

काय म्हणालात? पिग्मीवाला पळाला तर? मशीनची स्लिप घ्या, मेसेज आला की नाही बघा. आणि हो, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तेवढं पाहून खातं उघडा. मागून कुणीतरी म्हणालं, यांचा मेहुणा पिग्मी एजंट असेल. माझा मेहुणा तलाठी आहे! (हशा)

चिठ्ठी आली. दोन मिनिटं? बरं. मेन्यू, जागा, जाहिरात सगळं राहिलं. त्यासाठी पुढच्या वर्षी दुसरा वक्ता बोलवा. बँकवाल्यांना मात्र जाता जाता विनंती करतो : पोहेवाल्याला कर्ज देताना ५ तारीख कशाला घालता? त्याच्याकडे रोज संध्याकाळी माणूस पाठवा. त्या माणसाचा पगार तुमच्या थकबाकीच्या नोटिसांच्या खर्चातून निघेल.

आता करा आभारप्रदर्शन.