परत न आलेला माणूस



घरात मरण आले म्हणजे काय करायचे, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे. शेजारी धावून येतात, भाऊबंद जमतात, दहावे-तेरावे होते. रडायचे दिवस ठरलेले असतात, आणि ते सरले की चूल पुन्हा पेटते. पण माणूस सकाळी घरातून गेला आणि परत आलाच नाही, तर त्या घराने काय करावे? त्याला ना तेरावे, ना तिथी. अशा घरांविषयी आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

आमच्या आळीत एक काकू होत्या. त्यांचा धाकटा मुलगा दहावीच्या निकालाच्या दिवशी सायकल घेऊन बाहेर पडला. सायकल एस. टी. स्टँडवर सापडली, मुलगा सापडला नाही. काकूंनी पुढे कितीतरी वर्षे रेशनकार्डावरचे त्याचे नाव कमी करू दिले नाही. थोरला मुलगा शहरात बोलवी, तर म्हणत, "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" मुलीच्या लग्नात पत्रिका छापायची वेळ आली. भावांच्या यादीत त्याचे नाव घालायचे, की गाळायचे? त्यावरून दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी नाव छापले. मांडवात मात्र प्रत्येक जण विचारी, "हा कोणता हो?"

मी तेव्हा नुकताच एम. ए. झालो होतो, आणि शहाणपण सांगायची हौस होती. मी म्हटले, "काकू, आता मन घट्ट करा. गेला असं समजा." त्या शांतपणे म्हणाल्या, "समजते. मग कोणत्या तिथीला श्राद्ध घालू, तेवढं सांग." माझ्याजवळ उत्तर नव्हते. सर्वपित्रीची सोय आहे हे मला ठाऊक होते. पण ती मेलेल्यांसाठी.

हे दुःख काही आजचे नव्हे. आपल्या इतिहासात त्याचे फार मोठे उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. भाऊंचे म्हणून एक धड ओळखले गेले, त्याला अग्नीही दिला गेला. परंतु पुण्यात शंका उरली ती उरलीच. त्यांची पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतच्या छावणीत होत्या. त्या वाचून परत आल्या; पण पती गेला हे त्यांनी मानले नाही. सौभाग्यलेणी त्यांनी उतरवली नाहीत. १७८३ मध्ये त्या वारल्या. म्हणजे बावीस वर्षे ही बाई ना धड सधवा, ना धड विधवा, अशी जगली. त्यांच्या उत्तरक्रियेबरोबर भाऊंचीही उत्तरक्रिया झाली. भाऊंना मृत म्हणण्यासाठी पेशव्यांच्या घराला एवढे थांबावे लागले.

आणि या बावीस वर्षांत काय झाले? 'मीच भाऊ' असे म्हणणारा एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला. तो रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ साली तेथून सुटला, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात चौकशी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहदंड झाला. लोक मूर्ख होते म्हणून त्याच्यामागे गेले असे मला वाटत नाही. ज्याचे मरण कोणी पाहिले नाही, तो परत येईल ही आशा माणसाच्या मनात असतेच. तोतया त्या आशेवर जगतो. आजही तोतये आहेत. कोणी पैसे घेऊन 'मुलगा उत्तरेला आहे' असे सांगणारा देवऋषी असतो, कोणी फोनवर 'तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी रक्कम पाठवा' म्हणणारा भामटा असतो. घर लुबाडले जाते, आणि वर हसूही होते.

अमेरिकेत पॉलीन बॉस नावाच्या विदुषीने या विषयाचा अभ्यास केला. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून तिने १९७० नंतरच्या दशकात सुरुवात केली. या दुःखाला आपण मराठीत 'संदिग्ध वियोग' म्हणू. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की अशा घरातली माणसे दुबळी नसतात किंवा वेडीही नसतात; त्यांच्यावर आलेला प्रसंगच उत्तर नसलेला असतो. 'तो कदाचित येईल, कदाचित येणार नाही' हे दोन्ही विचार एकाच मनात बाळगून जगायला शिकावे लागते. काकू तेच करीत होत्या. मी मात्र त्यांना दोहोंपैकी एक निवडायला सांगत होतो.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राला ही अडचण कळली होती. बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची आकृती करून तिचे दहन करावे, असा पालाशविधी सांगितलेला आहे. त्यातली खरी गंमत पुढे आहे: एवढे करूनही तो माणूस परत आला, तर जातकर्मापासून त्याचे संस्कार पुन्हा करून त्याला घरात घ्यावे, अशीही तरतूद आहे. दार लावले, पण कडी घातली नाही.

आजच्या कायद्याची रीत पुष्कळशी अशीच आहे. ज्यांना माणसाची खबर साहजिकच कळली असती, अशांना सात वर्षांत ती कळली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे १०८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ वे आहे. पण सात वर्षे भरली की कागद आपोआप हाती येतो, हा समज चुकीचा आहे. प्रश्न न्यायालयापुढे न्यावा लागतो. शिवाय मृत्यू अमुक दिवशी झाला, असे हे कलम म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विम्याच्या एका दाव्यात हे स्पष्ट केले आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातही सात वर्षे खबर नसणे हे घटस्फोटाचे एक कारण मानले आहे. तोवर सातबाऱ्यावरचे नाव, बँकेतले खाते, विम्याचे पैसे, सारे अडून राहते. आणि पोरांच्या शाळेची फी काही सात वर्षे थांबत नाही.

मग आपण, म्हणजे गावाने आणि विशेषतः शिक्षकांनी, काय करावे?

पहिली गोष्ट पहिल्या दिवसाची. 'चोवीस तास थांबा, मग तक्रार घ्या' असा नियम कायद्यात नाही. पोलीस पाटलाला बरोबर घेऊन लगेच ठाण्यावर जावे, नोंद करावी आणि नोंदीचा क्रमांक लिहून आणावा. पुढे सात वर्षे मोजायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो. हरवलेले मूल अठराच्या आतले असेल, तर गुन्हा नोंदवून तपास झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले आहे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फळ्याशेजारी लिहून ठेवावेत. गुरुजींच्या दप्तरात मुलाची जन्मतारीख असते, वर्गाचा फोटो असतो. आईला त्या घटकेला जे आठवत नाही ते गुरुजी देऊ शकतात. अंगावरचे कपडे, ओळखीची खूण, शेवटचे कोणी पाहिले, हे त्याच संध्याकाळी कागदावर उतरवावे. आठवण फार लवकर बदलते.

दुसरी गोष्ट नंतरच्या वर्षांची. हळदीकुंकवाच्या वेळी त्या घरच्या बाईला बोलवायचे की नाही, अशी कुजबुज करू नये. बोलवावे, आणि कुंकू लावायचे की नाही ते तिच्यावर सोडावे. पितृपक्षात मुलाने बापाचे तर्पण केले नाही म्हणून त्याला नावे ठेवू नयेत, आणि केले तरी 'एवढी घाई का?' असे विचारू नये. कोणाला न्यायालयात जायचे असेल, तर ती नवऱ्यावर उठली असे म्हणू नये; ती पोरांचे पोट पाहते आहे. आणि ज्याचा पत्ता नाही त्याचे नाव घरात घेतले जाऊ द्यावे. सगळे गाव ते नाव टाळू लागले, म्हणजे घर आणखी एकटे पडते.

काकू आता नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलाने घर विकले नाही. वर्षातून दोनदा येऊन तो दार उघडतो, झाडलोट करतो. मागे भेटला तेव्हा मी विचारले, "अजून वाट पाहतोस?" म्हणाला, "मला वाटतं, तो नाही येणार. पण आईने दार उघडं ठेवलं होतं, ते मी बंद करणारा कोण?"

त्याला मी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्याच्याबरोबर अंगण झाडू लागलो.