पाट्या अनेक, मालक एक



एखाद्या लहान प्रकाशनसंस्थेचे किंवा सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ एका सकाळी उघडेनासे होते. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते भाड्याने ठेवलेले असते तिच्याकडे दाद मागितली की पडद्यावर एक चौकट उघडते. चौकटीतले नाव मोठ्या अदबीने विचारते, ‘आपणांस काय साहाय्य करू?’ अडचण सांगावी, तर ब्राऊझर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळतो. तेही करून झाले की दुसरे नाव येते आणि सारी कहाणी पहिल्यापासून विचारते. अखेरीस तक्रारीला एक क्रमांक मिळतो. दोन दिवसांनी तक्रार निकालात काढल्याचे पत्र येते. संकेतस्थळ मात्र बंद ते बंदच.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचे खापर चौकटीपलीकडच्या माणसावर फोडणे अन्यायाचे होईल. तो नोकर असतो. एकाच वेळी अनेक ग्राहकांशी बोलण्याचे आणि ठरावीक मिनिटांत प्रकरण संपवण्याचे बंधन त्याच्यावर असते. सर्व्हरला हात लावण्याचा अधिकार बहुधा त्याला नसतोच. दोष शोधायचा तर तो या धंद्याच्या अर्थकारणात शोधला पाहिजे.

या धंद्याची रीत अशी. एका सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे दाटीने बसवायची आणि पहिल्या वर्षाचे भाडे अगदी नाममात्र ठेवायचे. नूतनीकरणाच्या वेळी ते दुपटी-तिपटीने वाढवायचे. ‘अमर्याद जागा’ आणि ‘चोवीस तास साहाय्य’ ही आश्वासने जाहिरातीत ठळक असतात; त्यांच्या मर्यादा करारपत्राच्या बारीक अक्षरांत असतात. जाणत्या तंत्रज्ञाचे अर्ध्या तासाचे वेतनसुद्धा अशा स्वस्त ग्राहकाच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याहून अधिक भरते. म्हणजे तक्रार खरोखर सोडवणे हाच कंपनीच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार ठरतो. ग्राहकाला खरेदीच्या वेळी किंमत दिसते. मध्यरात्री सर्व्हर कोसळल्यावर कोणी धावून येईल की नाही, हे दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले होते : गुण आधी पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो.

यावर बाजाराच्या कैवाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : पटत नसेल तर ग्राहकाने दुसरीकडे जावे. अल्बर्ट हर्शमन यांनी त्याच १९७० सालच्या आपल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात या उत्तराची चिकित्सा केली. नाराज ग्राहकापुढे दोन मार्ग असतात. निघून जाणे किंवा आवाज उठवणे. तथापि सर्वच विक्रेते सारखेच निकृष्ट असतील, तर ते एकमेकांच्या नाराज ग्राहकांची केवळ अदलाबदल करीत राहतात. स्पर्धेचा देखावा टिकतो आणि सुधारणेचा दबाव मात्र कोणावरच येत नाही.

होस्टिंगच्या धंद्यात ही अदलाबदल पुष्कळदा एकाच घरात होते. अमेरिकेतील एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या समूहाने ब्लूहोस्ट, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट अशा कंपन्या विकत घेतल्या. फ्लोरिडातील एका विद्यार्थ्याने २००२ साली सुरू केलेली होस्टगेटर ही कंपनीही २०१२ मध्ये त्याच समूहात गेली. जुन्या पाट्या तशाच राहिल्या. २ ऑगस्ट २०१३ रोजी युटा राज्यातील प्रोव्हो येथील केंद्रात बिघाड झाला, तेव्हा या चारही नावांचे ग्राहक एकाच वेळी अंधारात गेले. एकीला कंटाळून दुसरीकडे गेलेल्यांना त्या दिवशी कळले, की आपण घर बदलले नव्हते, केवळ खोली बदलली होती. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या डायरेक्टी या उद्योगाचा बिगरॉक, रिसेलरक्लब इत्यादी नावांनी चालणारा व्यवसायही २०१४ साली याच समूहाने घेतला. त्यामुळे देशी कंपनीकडे जातो आहोत असे समजणारे मराठी ग्राहकही न कळत त्याच छपराखाली आले.

२०१७ साली समूहाने युटातील ओरेम येथील कचेरी बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे ४४० जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि ग्राहकसाहाय्याचे काम ॲरिझोनात एकवटले गेले. विलीनीकरणातून जी ‘बचत’ दाखवली जाते तिच्यात अनुभवी कामगाराची भाकरी आणि ग्राहकाला मिळणारे उत्तर ही दोन्ही कापली जातात. २०२१ मध्ये क्लिअरलेक या गुंतवणूक कंपनीने समूह ताब्यात घेतला आणि त्याचा होस्टिंगचा व्यवसाय वेब डॉट कॉममध्ये मिसळून न्यूफोल्ड डिजिटल ही कंपनी उभी केली.

प्रश्न केवळ मनस्तापाचा नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक इमारत जळून खाक झाली. प्राणहानी झाली नाही. परंतु ज्यांची प्रत अन्यत्र नव्हती अशा अनेकांची माहिती कायमची गेली. ज्यांनी राखीव प्रतीसाठी वेगळे पैसे मोजले होते, त्यांच्यापैकी काहींची प्रतही त्याच जागी होती. अशा ग्राहकांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०२३ साली लील येथील व्यापारी न्यायालयाने कंपनीला भरपाई देण्यास फर्मावले. आवाज उठवला तर तो ऐकला जातो. मात्र त्यासाठी वकील आणि दोन वर्षांचा धीर लागतो.

मग लहान संस्थांनी करावे काय? पहिली गोष्ट अशी, की डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावावर नोंदवावे. कंपनीच्या अथवा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर नव्हे. शक्यतो ते होस्टिंगहून वेगळ्या ठिकाणी ठेवावे. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारखी नावे अन्यत्र नेण्यासाठी लागणारा गुप्त संकेत मागणीपासून ५ दिवसांच्या आत दिला पाहिजे, असा आयकॅन या नियामक संस्थेचा नियम आहे. दुसरी गोष्ट, सर्व मजकुराची प्रत दरमहा संस्थेच्या कपाटात आली पाहिजे. तिसरी, तक्रार लेखी करावी. आपल्याकडील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. अर्थात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्यास वगळले आहे. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्यास मात्र त्याचे संरक्षण आहे.

हे सारे एकेकट्याचे उपाय झाले. हॅम्बुर्गमध्ये होस्टशेअरिंग ही सहकारी संस्था २००० सालापासून आपल्या सभासदांचे होस्टिंग सांभाळते; तेथे ग्राहक हाच सभासद असतो आणि सर्वसाधारण सभेत तो जाब विचारू शकतो. ज्या महाराष्ट्राने साखर आणि दूध सहकारातून उभे केले, त्याला सहकाराचे गुण जसे ठाऊक आहेत तसे त्याचे रोगही ठाऊक आहेत. तरीही पन्नास ग्रंथालयांनी आणि नियतकालिकांनी एकत्र येऊन एक सर्व्हर आणि एक जाणता, नीट वेतन मिळणारा तंत्रज्ञ ठेवणे अशक्य नाही. वर्गणी आजच्या भाड्याहून थोडी अधिक पडेल. परंतु संकेतस्थळ बंद पडले तर दूरध्वनी कोणाला करावयाचा, हे त्या पन्नासही संस्थांना ठाऊक असेल.